तासाचे अडीचशे की वर्षाचे तीन लाख साठ हजार?

प्रश्न : मुलगी एम.एस्सी. (गणित) झाली. पुण्यातल्या एका कंपनीने 3.60 लाखांचं पॅकेज देऊ केलंय, सहा दिवसांचा आठवडा. दुसरीकडे घरूनच ऑनलाइन शिकवणीचे तासाला 250 रुपये. माझ्या हिशेबाने त्याचे वर्षाला 7.20 लाख होतात. नेटवरचा कॅल्क्युलेटर नोकरीचा तास 173 रुपयांचा दाखवतो. मग नोकरी कशाला?
– एक पालक, कोल्हापूर

उत्तर : नमस्कार. आधी तो 173 चा आकडा बघू. हे कॅल्क्युलेटर बहुधा अमेरिकेच्या सवयीने आठवड्याचे 40 तास धरतात, म्हणजे वर्षाचे 2080. तुमच्या मुलीचा आठवडा 48 तासांचा. 48 गुणिले 52 म्हणजे 2496, आणि महिन्याचे 208. (आपल्याकडे पगाराला 26 दिवस धरायची पद्धत आहे. 26 गुणिले 8, तेही 208च.) तेव्हा तास 144 रुपयांचा झाला, आणि तोही कागदावर.

कारण पॅकेज म्हणजे पगार नव्हे. तुम्ही पाठवलेल्या पत्रात मूळ पगार 15,000 आहे. कंपनीच्या वाट्याचा पीएफ वर्षाला 21,600, ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी रक्कम) सुमारे 8,660 आणि व्हेरिएबल (हमी नसलेला, कमी-जास्त होणारा भाग) 30,000, हे सगळं त्या 3.60 लाखांतच बसवलंय. ते वजा केलं की महिन्याला साधारण 24,980 उरतात. त्यातून तिच्या वाट्याचा पीएफ 1,800 जाईल. व्यवसाय कर मात्र नाही, कारण महाराष्ट्रात महिलांना दरमहा 25,000 पर्यंत तो माफ आहे, थोडक्यात वाचली! हातात येतील 23,180. दोन्ही वाट्यांचा पीएफ तिचाच, म्हणून तो मिळवून 26,780 धरा. तासाला 129 पडतात.

आता तुमचे 7.20 लाख. रोज आठ तास, महिन्याचे तीसही दिवस, बाराही महिने! मुलं शाळेतून चारला येतात आणि नऊला जेवायला बसतात, तेव्हा संध्याकाळी पाचच तास मिळणार. एका तासाच्या शिकवणीमागे अर्धा तास तयारी आणि वह्या तपासणं, त्याचे पैसे कोणी देत नाही. म्हणजे 250 चे खरे 167 झाले. रविवार, दिवाळी, मे महिना, सगळे बिनपगारी.

तरीही शिकवणी हरते असं मी म्हणणार नाही. महिन्याचे 26 दिवस रोज सव्वाचार तास भरले तर महिन्याला नोकरीची बरोबरी होते. पुण्यातल्या पीजीचे तुम्ही लिहिलेले 9,000 धरले, तर पावणेतीन तासांतच. पण भरायला हवेत, आणि तेही वर्षभर. तीन वर्षांनी दुसरीकडे अर्ज करताना नोकरीचा अनुभव जास्त उपयोगी पडतो, म्हणून माझा कल किंचित नोकरीकडे आहे. मुलीला काय हवंय, हे मात्र तुमच्या पत्रात एका ओळीतही सापडलं नाही. तिला शिकवायलाच आवडत असेल तर बी.एड.चाही विचार करा, मग हा हिशेबच वेगळा होईल.

तूर्त दोन प्रश्न विचारून घ्या. कंपनीला : 30,000 चं व्हेरिएबल कशावर ठरतं आणि पहिल्या वर्षी मिळतं का? शिकवणीवाल्यांना : किमान तासांची हमी लेखी देता का, आणि गेल्या मे महिन्यात नव्या शिक्षकांना रोजचे किती तास मिळाले? उत्तरं आली की मला कळवा. पुढचं पत्र मुलीने लिहिलं तर जास्त बरं.