पाणी कुठून येतं ते आधी बघ

सप्रेम आशीर्वाद.

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या छपराच्या लाकडी पुलांचे तू पाठवलेले फोटो मिळाले. लाल फळ्या, पानगळीची झाडं, पाण्यात पडलेलं प्रतिबिंब, सगळं देखणं आहे. पण पुलाचा सांगाडा एकाही फोटोत नाही. बाहेरून दिसतो तो पुलाचा रेनकोट. पूल त्याच्या आत आहे.

छप्पर आणि बाजूच्या फळ्या माणसांना पावसापासून वाचवायला बसवलेल्या नव्हत्या. त्या आतल्या तुळया कोरड्या ठेवण्यासाठी होत्या. उघडा लाकडी पूल दहा-वीस वर्षांत कुजतो, आणि छपराखालचा दीडशे वर्षं वाहतूक पेलतो. व्हरमाँट आणि न्यू हॅम्पशायर यांना जोडणारा कॉर्निश-विंडसर पूल १८६६ चा, सुमारे ४५० फूट लांब, आणि आजही त्यावरून मोटारी जातात. त्यामुळे कुठल्याही पुलापाशी गेल्यावर कॅमेरा बाहेर काढण्याआधी पाण्याची वाट शोध. पाणी कुठून आत येतं आणि कुठे साचतं, हे कळलं की काय टिपायचं ते आपोआप कळतं.

बहुतेक वेळा पाणी छपरातून येत नाही, रस्त्यावरून येतं. रस्ता पुलाकडे उतरता असेल तर पावसाबरोबर माती आणि खडी तोंडातून आत शिरते आणि टोकाशी साठते. तिथेच खालची मुख्य तुळई दगडी भिंतीवर टेकलेली असते आणि तिच्याखाली एक आडवं बैठकीचं लाकूड असतं. ओल्या मातीत रुतलेली ही टोकं सर्वांत आधी जातात, आणि सांगाड्याचा सगळा भार नेमका तिथून भिंतीवर उतरतो. आपल्याकडे वाड्यात खांबाखाली दगडी तळखडा देतात, त्यामागचं कारण हेच. बैठकीचं लाकूड बळी द्यायचंच असतं, ते काढून नवं घालता येतं. वरची तुळई कुजली तर मात्र काम कित्येक पटींनी वाढतं. पुलाची देखभाल करणाऱ्या मंडळींनी वर्षातून दोनदा, वसंतात आणि पानगळीनंतर, ही माती फावड्याने आणि झाडूने काढावी. दाबाच्या पाण्याने धुऊ नये. ते पाणी सांध्यांत शिरतं आणि तिथेच राहतं.

लाकूड तपासायला महागडी साधनं लागत नाहीत. दोन टोकांचा ओलावामापक, टोच्या आणि हातोडी पुरते. ओलावा २० टक्क्यांच्या खाली असेल तर बुरशीला वाव नाही. २८-३० च्या वर गेला की ती सुखाने वाढते. प्रत्येक तुळईवर टोकाशी, टोकापासून तीन-चार फुटांवर आणि मध्यावर असे तीन आकडे घे. मग टोच्या तिरका खुपसून लाकूड थोडं उचक. निरोगी लाकूड कुरकुरत लांब चिरफळीसारखं उठतं, कुजलेलं मात्र आवाज न करता टोच्यावरच आडवं तुटतं. हा फरक एकदा बोटांना कळला की विसरत नाही. हातोडीचा ठोका बद्द वाजला, तर वरून चांगली दिसणारी तुळई आत पोकळ असू शकते. तिथे बारीक सुईने भोक पाडत प्रतिकार मोजणारं यंत्र लागतं, आणि ते काम अभियंत्याचं. सरकारी पुलावर टोच्या लावायचा तर परवानगी घेऊनच.

सांगाड्याचे प्रकार लवकरच ओळखू येतील. कैचीला, म्हणजे लाकडांच्या त्रिकोणी सांगाड्याला, मोठ्या कमानीची जोड असेल तर ती थिओडोर बरची पद्धत. एकमेकांना छेदणाऱ्या फळ्यांची दाट जाळी असेल तर ती इथिएल टाउनची, १८२० च्या पेटंटची. तिरपी लाकडं आणि उभ्या लोखंडी सळया, सळयांच्या टोकाला नट, असं दिसलं तर विल्यम हाउची, १८४० ची. जाळीच्या पुलावर जरा थांब. तिथे फळ्या जाड ओकच्या गोल मेखांनी जोडलेल्या असतात. मेख पूर्ण वाळवून ठोकतात आणि भोवतालचं लाकूड तिच्यापेक्षा किंचित ओलं असतं. पुढे मेख ओल शोषून फुगते, फळी वाळून आवळते आणि सांधा घट्ट बसतो. म्हणून ओली मेख ठोकणारा सुतार पुलाचं नुकसानच करतो. काही वर्षांत ती सैल होते.

दुरुस्तीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. कुजलेला भाग कापून त्याच जातीचं लाकूड लांब तिरप्या सांध्याने जोडावं. इपॉक्सीने पोकळी भरून वरून रंग फासलेला दिसला की मला काळजी वाटते, कारण त्याच्या मागे अडकलेली ओल उरलेलं लाकूड शांतपणे खात राहते. पूल मध्ये खचला असेल तर टोकापासून टोकापर्यंत दोरी ताणून खोली मोज. तो उचलायचा तर खाली लाकडी ठोकळ्यांची चळत रचून, जॅकने, रोज थोडा थोडा. जे खचायला शंभर वर्षं लागली ते एका दिवसात सरळ करायला गेलं की मेखा तुटतात.

आता फोटो. नोव्हेंबरअखेर ते एप्रिल हा नोंदीसाठीचा उत्तम काळ, कारण पानं नसतात आणि पूर्ण बाजू दिसते. ढगाळ दिवस निवड. नोव्हेंबरात तिथे शिकारीचा हंगाम असतो, तेव्हा केशरी जाकीट घालूनच नदीत उतर. प्रवाहाच्या वरून आणि खालून एकेक पूर्ण बाजू, दोन्ही तोंडं समोरून, चारही कोपऱ्यांतून तिरपी दृश्यं, आत दोन्ही टोकांपासून मध्यरेषेवर एकेक, मग नेहमीचा एक सांधा, चारही बैठका, छपराचे वासे आणि वाहतुकीच्या फळ्यांची खालची बाजू. सांध्याच्या फोटोत फूटपट्टी ठेवलीच पाहिजे. कॅमेरा पाणसळीत धर. तो वर झुकवलास तर खांब आत कललेले दिसतात, आणि पूल खरोखर कललाय की नाही हे पुढे कोणालाच सांगता येत नाही. कलणं हीच तर मोठी नोंद असते.

आतला अंधार आणि तोंडाशी दिसणारा उजेड यांत इतकं अंतर असतं की एका फ्रेममध्ये दोन्ही सापडत नाहीत. तिपाईवर, कमी आयएसओवर, एफ/८ ठेवून उजेड दोन-दोन स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) बदलत पाच फ्रेम घे, रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये. तिपाईचे पाय मधल्या फळीवर नकोत, खाली आडवी तुळई असेल तिथे ठेव. मोटार गेल्यावर पुलाची जमीन काही क्षण हलत राहते, ती थांबेपर्यंत बटण दाबू नकोस. अशा पुलांत पूर्वी हिवाळ्यात घसरगाड्यांसाठी मुद्दाम बर्फ पसरत असत. जमीन इतकी झिजलेली का, याचा विचार करताना तेही लक्षात ठेव.

विजेरी लाकडाला जवळजवळ चिकटवून तिरपा प्रकाश टाक. सपाट वाटलेली तुळई एकदम वाचता येते. सरळ समांतर रेघा असतील तर ती वरखाली चालणाऱ्या करवतीची, गोलाकार कंस असतील तर चक्रकरवतीची. सरळ रेघांच्या फळ्यांत एकच कंसांची फळी दिसली तर ती बहुधा नंतर बदललेली. सांध्याशी कोरलेले रोमन आकडेही असेच उजळतात. सुताराने जमिनीवर जोडणी करताना कुठला तुकडा कुठे जाणार ते असं लिहून ठेवलेलं असतं.

प्रत्येक फाइलला नदीचं नाव, तारीख, दिशा आणि छपराच्या पुलांच्या जागतिक यादीतला पुलाचा क्रमांक दे. त्यात राज्य, काउंटी (जिल्हा) आणि पूल असे तीन आकडे येतात. राज्याचा आकडा व्हरमाँटचा ४५, न्यू हॅम्पशायरचा २९. ऐतिहासिक अमेरिकी अभियांत्रिकी नोंदणीची पुलांची चित्रं आणि आराखडे लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात खुले आहेत. तुझ्या पुलाची असतील तर जुना फोटो उतरवून घे आणि त्याच जागी उभं राहून नवा काढ. दोन्ही शेजारी ठेवले की तुळई किती खाली आली ते दिसतं.

घाई कर, कारण हे पूल एका दिवसात जातात. २८ ऑगस्ट २०११ ला आयरीन वादळाच्या पुरात व्हरमाँटचा १८७० चा बार्टन्सव्हिल पूल आणि न्यूयॉर्कचा १८५५ चा ब्लेनहाइम पूल वाहून गेले. आयोवातला सीडर पूल २००२ मध्ये जाळला गेला, पुन्हा बांधला, आणि २०१७ मध्ये पुन्हा जाळला गेला.

पुढच्या वेळी सूर्यास्ताचा एकही फोटो नाही पाठवलास तरी चालेल. एकाच पुलाच्या चारही बैठका टिपून पाठव, आणि प्रत्येकीपाशी ओलाव्याचा आकडा लिही. उत्तरेकडच्या दोन आधी बघ, तिथे ऊन पोचत नाही. हातमोजे विसरू नकोस, दगड निसरडे असतात.

तुझ्या फोटोंची वाट बघत आहे.