उभ्या अँब्युलन्सला धडक : आधी पंचनामा बघा

ताई, विक्रोळीला ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर पडलेल्या बाइकवाल्याला स्ट्रेचरवर घेताना तुमच्या भावाला टेम्पोने उडवलं आणि पोलीस म्हणतात, "अँब्युलन्सच चुकीच्या जागी उभी होती." हेच वाक्य मी ऐकलंय. अकरा वर्षं अँब्युलन्स चालवली, माझ्या हेल्परलाही असंच उडवलं. पेशंट मागच्या दारातून घ्यायचा, म्हणजे हेल्परची पाठ कायम ट्रॅफिककडे.

एफआयआर, मेडिकल तुम्ही केलंच असेल. माझी चूक सांगतो. हेल्परला दुसऱ्या गाडीतून पाठवलं, तेवढ्यात बंदोबस्तावरचे साहेब म्हणाले, "गाडी बाजूला घे, ट्रॅफिक तुंबलंय." मी घेतली. एक फोटोसुद्धा काढला नाही. गाडी डाव्या कडेला चिकटून होती, ब्लिंकर चालू, मागे ट्रॅफिकचे तीन कोन. त्यातला एक चपटा होऊन स्ट्रेचरच्या चाकात अडकला होता. पंचनामा चौथ्या दिवशी झाला, मोकळ्या रस्त्यावर. ब्लिंकर नाही, कोन नाहीत, नुसतं "रुग्णवाहिका लेनमध्ये उभी होती". ते दुरुस्त व्हावं म्हणून दोन वर्षं त्या पोलीस ठाण्यात खेटे घातले. दर वेळी "तपासी अधिकारी बाहेर गेलेत". मोटार अपघाताचे क्लेम चालतात त्या ट्रिब्युनलमध्ये समोरचा वकील तेवढंच वाक्य वाचून दाखवायचा.

कुणी तुम्हाला मोटार वाहन कायद्याचं १९४ ई कलम सांगेल : अँब्युलन्सला वाट दिली नाही तर १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. ते मागून येणाऱ्या अँब्युलन्ससाठी आहे, उभ्या अँब्युलन्ससाठी नाही. अमेरिकेत पन्नासही राज्यांत कायदा आहे, कडेला अशी गाडी दिसली की लेन सोडा, नाहीतर वेग कमी करा. मुंबईतल्या वांद्रे-वरळी सी लिंकवर ५ ऑक्टोबर २०२२ ला अपघातग्रस्तांना मदत चालू असताना त्यांच्यावर कार घुसली, पाच जण गेले. आणखी किती जायला हवेत?

मी वकील नाही, पण माझ्या मते टेम्पोवाल्याच्या बेदरकारपणावरच जोर ठेवा : मोटार वाहन कायद्याचं कलम १८४, भारतीय न्याय संहितेचं कलम २८१. भाऊ पगारी असेल तर मोटार अपघाताचा क्लेम किंवा कामगार भरपाई, दोन्हींतलं एकच मिळतं. त्यामुळे मालकाने पुढे केलेल्या कागदावर वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको. मोटार क्लेम करणार असाल तर सहा महिन्यांच्या आत टाका.

आणि सीसीटीव्हीचा अर्ज उद्याच द्या, लेखी. फुटेज काही दिवसांनी पुसलं जातं. तोंडी "बघतो" म्हणाले तर निघून येऊ नका, तुमच्या प्रतीवर तारखेसकट पोचेचा शिक्का घ्या.