गप्प माणसांची टीम सांभाळताना

चि.,
अनेक आशीर्वाद.

ऐरोलीच्या ऑफिसात तुला टीम लीड केल्याचं कळलं, फार आनंद झाला. तुझ्या मोकळ्या बोलण्याने क्लायंटही निवांत होतो. तो स्वभाव बदलायच्या फंदात पडू नकोस. बदलायची ती मीटिंगची पद्धत.

मानसशास्त्रज्ञ अ‍ॅडम ग्रँट आणि सहकाऱ्यांनी २०११ साली अमेरिकेतल्या पिझ्झा दुकानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कर्मचारी सांगितलं तेवढंच करणारे असतील, तर बोलका मॅनेजर फायद्याचा. पण ते स्वतःहून सुधारणा सुचवणारे असले, की त्याच मॅनेजरच्या दुकानाचा नफा घसरतो, कारण खालून आलेल्या सूचना तो फारशा मनावर घेत नाही. तुझी टीम मीटिंगमध्ये गप्प असली, तरी दुसऱ्या प्रकारची आहे, म्हणून हे पत्र.

अजेंडा आदल्या दिवशी पाचच्या आत पाठव. नंतर पाठवलास तर अर्धी टीम ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत उभी असते, वाचणार कोण? ‘सॉफ्टवेअर रिलीजबद्दल चर्चा’ असं मोघम नको. ‘शुक्रवारचा रिलीज ढकलायचा का? ढकलला तर आधी कुठलं टेस्टिंग संपवायचं?’ असे दोनच प्रश्न दे.

मीटिंगची पहिली ५ मिनिटं कुणीच बोलायचं नाही, प्रत्येकाने लिहायचं. सामाईक शीटमध्ये थेट लिहू दिलंस, तर पहिल्याचं उत्तर पाहून बाकीचे आपलं बदलतात. म्हणून आधी स्वतःजवळ लिहा आणि पाच मिनिटं संपल्यावर सगळ्यांनी एकदम टाका. तुझं मत शेवटी.

प्रश्न विचारलास की मनात पाच अंक मोज. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांना शाळेच्या वर्गांत दिसलं होतं की शिक्षक उत्तरासाठी जेमतेम १ सेकंद थांबतात. ३ सेकंद थांबले की उत्तरं लांबतात आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलतात. तुला ती शांतता असह्य होईल. तू तोच प्रश्न सोपा करून विचारशील, मग उत्तरही देऊन टाकशील. समोरच्याने जुळवत आणलेलं वाक्य तिथेच तुटतं.

‘काय रे, तू का गप्प?’ हे चारचौघांत कधीही विचारायचं नाही. त्यापेक्षा, ‘पेमेंटचा भाग तू केलायस, दहा मिनिटांनी तुझ्याकडे येते,’ एवढं आधी सांगून ठेव.

सगळे स्वभावानेच अबोल असतात असंही नाही. कुणाला इंग्रजीत बोलताना अडखळायला होतं, तर कुणाचा मुद्दा पूर्वी दोनदा उडवून लावलेला असतो. हे केबिनमध्ये समोर बसवून कळत नाही. जेवणानंतर कॅम्पसमध्ये एक फेरी मार, शेजारी चालताना माणूस मोकळा होतो. भाषेची अडचण निघाली तर मीटिंगमध्ये त्याला बिनधास्त मराठीत बोलू दे आणि क्लायंटसाठीचं इंग्रजी तू बघ.

कुणी हळू आवाजात मांडलेला मुद्दा तू ठसक्यात पुन्हा सांगतेस आणि तो तुझ्या नावावर जमा होतो. हे फार लागतं. मीटिंगच्या नोंदींत (मिनिट्समध्ये) मुद्द्यापुढे तो मांडणाऱ्याचं नाव लिहीत जा.

निर्णय दुसऱ्या दिवशी दुपारी १२पर्यंत खुला ठेव. कुणी काही बोललं नाही म्हणून ‘सर्वांना मान्य’ असं लिहू नकोस. एकेकाकडून होकार लेखी घे. आणि अप्रेझलमध्ये ‘मीटिंगमध्ये बोलत नाही’ हा शेरा मारू नकोस. कुठला बग वेळेत पकडला, ते लिही.

महिनाभर करून बघ आणि कळव.

तुझा,
काका