पेट निघाली, गाईड भेटेना

पीएचडीच्या प्रवेशाबद्दल आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना इथे उत्तरे दिली आहेत. उत्तरांतले बहुतेक आकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) ७ नोव्हेंबर २०२२ च्या पीएचडी विनियमांतले आहेत. अमरावती, नागपूर आणि गोंडवाना ही तिन्ही विद्यापीठे याच चौकटीत आपापले नियम काढतात.

प्रश्न : एम.ए. अर्थशास्त्र झाले, पेट (पीएचडी प्रवेश परीक्षा) निघाली. आठ महिन्यांपासून गाईड (संशोधन मार्गदर्शक) भेटत नाही. ज्यांच्याकडे जातो ते म्हणतात, "जागा नाही." खरेच जागा नसते की टाळतात? (वाचक, दारव्हा, जि. यवतमाळ)

बहुतेक वेळा खरेच नसते. एका वेळी प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थी, ही कमाल मर्यादा आहे. तालुक्याच्या महाविद्यालयात एका विषयाचे दोन-तीनच शिक्षक असतात. त्यातल्या ज्यांच्या निवृत्तीला ३ वर्षांपेक्षा कमी काळ उरला आहे, त्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. शिवाय नुसती पीएचडी असून गाईड होता येत नाही. प्राध्यापक व सहयोगी प्राध्यापकाचे तज्ज्ञ-परीक्षित नियतकालिकांत किमान ५ आणि सहायक प्राध्यापकाचे किमान ३ शोधनिबंध लागतात. ही चाळणी लावली की यादीतली अर्धी नावे गळतात.

म्हणून ओळखीपाळखीने दारोदार फिरण्याआधी विद्यापीठाच्या संकेतस्थळावरची मान्यताप्राप्त गाईड आणि संशोधन केंद्रांची यादी काढा. प्रत्येक नावापुढे स्वतः लिहा : मान्यता कोणत्या विषयात आहे, केंद्राची मान्यता चालू आहे का, निवृत्ती कधी, आत्ता किती विद्यार्थी आहेत. शेवटची गोष्ट यादीत सापडली नाही तर केंद्राच्या कार्यालयात विचारा. जागा शोधताना फक्त यवतमाळपुरते पाहू नका. अकोला, वाशिम, बुलडाणा आणि अमरावती हे जिल्हेही तुमच्याच विद्यापीठात येतात.

भेटायला जाताना "सर, एखादा टॉपिक द्या ना" असे म्हणत जाऊ नका. एक पान लिहून न्या : प्रश्न काय, माहिती कुठून मिळणार, त्यावर आधी कुणी काय काम केले आहे. ते पान त्यांच्या अभ्यासक्षेत्राशी जुळणारे हवे. कृषी अर्थशास्त्राच्या माणसाला बँकिंगचा आराखडा दाखवला तर जागा असूनही ती "नाही" होते. त्यांनी होकार दिला तर तो संमतीपत्रावर घ्या. तोंडी होकारावर वर्ष काढून बसलेले आणि मग सरांची बदली झाली म्हणून पुन्हा शून्यावर आलेले उमेदवार दर वर्षी दिसतात.

प्रश्न : पेटमध्ये मला ६२ होते. ५१ वाल्याचा नंबर लागला, माझा नाही. हा घोळ नाही का? (वाचक, मेहकर, जि. बुलडाणा)

असेलच असे नाही. आधी हिशेब करून पाहा. प्रवेश परीक्षेला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भारांक आहे. तुमच्या ६२ चे ७० टक्के ४३.४ होतात. मुलाखतीत ३० पैकी १८ मिळाले असतील तर बेरीज ६१.४. समोरच्याच्या ५१ चे ३५.७ होतात, आणि त्याला मुलाखतीत २८ मिळाले तर ६३.७. पेटमध्ये अकरा गुणांनी मागे असलेला माणूस असा पुढे जातो. दोघांचे परीक्षेचे आणि मुलाखतीचे गुण वेगवेगळे दाखवणारी यादी मागा. विद्यापीठाने ती लावली नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा, ३० दिवसांत उत्तर येणे बंधनकारक आहे.

मुलाखतीत मुख्यतः तीन गोष्टी पाहतात : हे संशोधन करण्याची तुमची कुवत, ते त्या केंद्रावर होऊ शकते का, आणि त्यातून नवीन काही हाती लागणार का. दुसऱ्या मुद्द्यावर बरेच जण अडतात. प्रयोगशाळेत उपकरण नसताना त्यावरच सगळा आराखडा उभा केलेला असतो.

मुलाखतीला बोलावण्यासाठी पेटमध्ये ५० टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमीलेअर ओबीसी, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटक यांना त्यात ५ टक्क्यांची सवलत आहे. पदव्युत्तरच्या ५५ टक्के अटीतही हीच सवलत मिळते. पण नॉन-क्रीमीलेअर दाखल्याची मुदत अर्जाच्या वेळी संपलेली असली तर सवलत हातची जाते. पेटचा निम्मा पेपर संशोधन पद्धतीचा असतो, हे विसरून नुसता विषय घोकणारेही खूप.

नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) देऊन जेआरएफ (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) मिळाली असेल तर पेट द्यावी लागत नाही, प्रवेश मुलाखतीवर होतो. २०२४ पासून नेटमध्ये 'सहायक प्राध्यापक व पीएचडी प्रवेश' आणि 'फक्त पीएचडी प्रवेश' अशाही श्रेणी आहेत. त्यांतल्या उमेदवारांनाही हेच ७०-३० लागू आहे, पण तो निकाल प्रवेशासाठी एकच वर्ष चालतो.

प्रश्न : आरआरसीने (विषयाला मान्यता देणाऱ्या समितीने) माझा विषय परत पाठवला. विषय होता 'ग्रामीण महिलांच्या समस्या : एक समाजशास्त्रीय अभ्यास'. सर म्हणतात माझ्या हातात नाही, विद्यापीठ म्हणते केंद्रावर विचारा. शेवटी ठरवते तरी कोण? (वाचक, मालेगाव, जि. वाशिम)

सर खरे बोलतात. गाईड वाट दाखवतात, दार विद्यापीठाची समिती उघडते. आपली विद्यापीठे १ मार्च २०१७ पासून महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ खाली चालतात. अभ्यासक्रमांचे आणि पदव्यांचे निकष विद्यापरिषद पाहते. एखाद्या बाबीवर अध्यादेश झालेला नसेल तर कलम १२(८) खाली कुलगुरू निर्देश काढतात. म्हणून पीएचडीचे नियम शोधताना 'निर्देश क्रमांक अमुक' असा कागद सापडतो. तुमची नोंदणी ज्या निर्देशाखाली झाली, त्याचा क्रमांक लिहून ठेवा. मधेच नवा निर्देश आला तर कोणता लागू, हा वाद हमखास होतो.

केंद्रावर तुमची संशोधन सल्लागार समिती असते. ती विषय आणि आराखडा तपासते, आणि दर सत्राला तुम्ही तिच्यापुढे प्रगती मांडायची असते. काम समाधानकारक नसेल तर ती सुधारणा सुचवते. तरीही जमले नाही तर कारणे नमूद करून नोंदणी रद्द करण्याची शिफारसही करू शकते. विद्यापीठ पातळीवर विषयाला मान्यता देते ती संशोधन व मान्यता समिती, म्हणजे तुमची आरआरसी.

आता तुमचा विषय. तो परत आला यात नवल नाही. कोणत्या महिला, कुठल्या, कोणत्या काळातल्या, आणि समस्या कोणती, यातले काहीच त्यात नाही. 'एक अभ्यास' हे दोन शब्द शीर्षकात दिसले की समितीतले जुने सदस्य पुढचे वाचायचेही थांबतात. तुमच्याच तालुक्यात प्रश्न आहे. बचत गटाचे कर्ज बाईच्या नावावर निघते. ते बियाण्यावर गेले, पोराच्या फीवर गेले की जुन्या उधारीवर, हे घरात कोण ठरवते? शीर्षक असे बांधता येईल : 'मालेगाव तालुक्यातील बचत गट सदस्य महिलांचा कर्जविनियोगातील निर्णयाधिकार (२०१९ ते २०२४)'. सोबत किती गावे, किती गट, नमुना कसा निवडणार, मुलाखत-अनुसूचीत काय विचारणार, हे लिहा. सर्वेक्षणाच्या वेळापत्रकात ऑक्टोबर टाकू नका. सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत बाया घरी भेटत नाहीत, आणि ज्या भेटतात त्या दमलेल्या असतात.

प्रश्न : मी मेळघाटात जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक आहे. अर्धवेळ पीएचडीसाठी मुख्याध्यापकांचे ना हरकत पत्र जोडले होते, ते नाकारले. का? (वाचक, धारणी, जि. अमरावती)

दोन कारणे संभवतात. पहिले, सही सक्षम अधिकाऱ्याची हवी. तुमच्या बाबतीत प्रस्ताव गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत जिल्हा परिषदेकडे जातो. दुसरे, आणि जास्त वेळा चुकणारे, म्हणजे मजकूर. 'पीएचडी करण्यास हरकत नाही' एवढ्याने भागत नाही. पत्रात तीन गोष्टी स्पष्ट लागतात : अर्धवेळ पीएचडी करण्यास परवानगी आहे, पदाचे काम सांभाळून संशोधनाला पुरेसा वेळ देता येतो, आणि गरज पडल्यास कोर्सवर्क (पीएचडीतला तासिकांचा अभ्यासक्रम) पूर्ण करण्यासाठी कार्यमुक्त केले जाईल. मसुदा स्वतः टंकून प्रस्तावासोबत द्या. कार्यालयातल्या बाबूला तयार मजकूर दिला नाही तर तो मागच्या फाईलमधलेच पत्र पुन्हा छापतो.

तिसरे वाक्य नुसते शोभेचे नाही. कोर्सवर्क किमान १२ श्रेयांकांचे (क्रेडिटचे) असते. एका श्रेयांकाला १५ तास धरले तरी १८० तास होतात. त्यात ५५ टक्के गुण मिळवावे लागतात, आणि संशोधन व प्रकाशन नीतीचा २ श्रेयांकांचा पेपर त्यातच येतो. धारणीहून घाट उतरून दर शनिवारी अमरावती गाठायची की दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्यांत तासिका घेणारे केंद्र निवडायचे, हे प्रवेशाआधी विचारून घ्या. दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने पीएचडी होत नाही; तसे सांगणाऱ्या जाहिराती पाहून फीचे पैसे भरू नका.

प्रश्न : माझी नोंदणी अमरावती विद्यापीठात आहे. लग्नानंतर तिरोड्याला आले. मूल लहान आहे. काम पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागेल का? (वाचक, मूळ लोणार, जि. बुलडाणा)

नाही. लग्नामुळे किंवा इतर कारणाने स्थलांतर झालेल्या महिलेला संशोधनाची माहिती-सामग्री दुसऱ्या विद्यापीठात नेता येते. तिरोडा गोंदिया जिल्ह्यात, म्हणजे नागपूर विद्यापीठात येते. तिथे त्याच विषयाचा गाईड आणि जागा हवी, आणि प्रबंधात आधीच्या गाईड व विद्यापीठाच्या वाट्याची नोंद करावी लागते. मात्र तो प्रकल्प एखाद्या संस्थेच्या निधीतून मूळ गाईडला मिळालेला असेल तर अडचण येते.

मुदतीचे गणित असे : कोर्सवर्क धरून किमान ३ वर्षे, कमाल ६. पुनर्नोंदणी करून आणखी २, म्हणजे ८. महिला आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर आणखी २, एकूण १०. प्रसूती व बालसंगोपनासाठी संपूर्ण काळात मिळून २४० दिवसांपर्यंत रजा मिळते. सहावे वर्ष संपायच्या आधी पुनर्नोंदणीचा अर्ज द्या.

प्रश्न : माझा प्रबंध मराठीत, क्रुतिदेवमध्ये टाईप केला आहे. तपासणीत अहवालच विचित्र आला. (वाचक, चिमूर, जि. चंद्रपूर)

क्रुतिदेवमध्ये पडद्यावर मराठी दिसते, पण फाईलमध्ये इंग्रजी कळांचीच अक्षरे साठवलेली असतात. साम्य (दुसऱ्यांच्या लेखनाशी जुळणारा मजकूर) तपासणाऱ्या प्रणालीला ती निरर्थक वाटतात. प्रबंध युनिकोडमध्ये बदलून घ्या. बदलताना रफार, 'र्‍य' आणि जोडाक्षरे फुटतात, त्यामुळे प्रत्येक पान पुन्हा वाचावे लागते. त्यासाठी महिनाभर राखून ठेवा. शोधगंगेवर (प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर) प्रबंध चढल्यावर तो कुणाला शोधून सापडावा यासाठीही युनिकोडच लागते. नव्याने सुरू करणाऱ्यांनी पहिल्या पानापासून युनिकोड वापरावे.

यूजीसीच्या २०१८ च्या विनियमांप्रमाणे साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर कारवाई नाही. १० ते ४० टक्के असेल तर ६ महिन्यांच्या आत सुधारून द्यायचे. ४० ते ६० टक्क्यांना वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही. ६० च्या पुढे नोंदणी रद्द. संदर्भसूची, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका आणि श्रेय देऊन घेतलेली अवतरणे मोजणीतून वगळतात. मराठी प्रबंधांत साम्य वाढते ते बहुधा 'संशोधन पद्धती'च्या प्रकरणात. नमुना निवड म्हणजे काय, गृहीतक म्हणजे काय, हे दहा पाने जशीच्या तशी उतरवलेली असतात. ती व्याख्यांची पाने काढा आणि तुम्ही नमुना कसा निवडला ते लिहा.

प्रश्न : सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) शिकवतो. पीएचडी जमा करण्याआधी दोन पेपर छापावे लागतात म्हणून एक जण तीन हजार मागतोय. (वाचक, पुसद, जि. यवतमाळ)

देऊ नका. प्रबंधाआधी शोधनिबंध छापलाच पाहिजे ही सक्ती २०२२ च्या विनियमांत राहिलेली नाही. तुमच्या विद्यापीठाच्या निर्देशात तशी अट असेल तर ती मात्र पाळावी लागेल, आणि तेही खऱ्या परीक्षणाच्या नियतकालिकात. 'यूजीसी केअर'च्या (यूजीसीच्या मान्य नियतकालिकांच्या यादीच्या) नावावर पैसे मागणाऱ्याला सांगा की ती यादी बंद केल्याचे यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्येच जाहीर केले आहे. आणखी एक : जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीसाठी नेट किंवा सेट (राज्य पात्रता परीक्षा) ही किमान अट आहे. ती निघाली नसेल तर पेपरापेक्षा तिकडे वेळ द्या.

प्रश्न : प्रबंध जमा करून वर्ष झाले, व्हायव्हा (तोंडी परीक्षा) नाही. शिवाय केंद्राने मूळ टीसी ठेवून घेतली आहे. (वाचक, आर्वी, जि. वर्धा)

प्रबंध किमान दोन बाह्य परीक्षकांकडे जातो. एकाने नाकारला तर पर्यायी परीक्षकाकडे पाठवतात, आणि त्याची शिफारस आली तरच व्हायव्हा होते. हे सगळे ६ महिन्यांत संपवायचे असते. बहुतेक वेळा प्रबंध परीक्षकाच्या टेबलावर पडून असतो आणि इकडून स्मरणपत्रही गेलेले नसते. त्यामुळे आधी पीएचडी विभागात जाऊन प्रबंध परीक्षकांना कोणत्या तारखेला पाठवला, तेवढे विचारा. परीक्षकांची नावे विचारू नका, ती गोपनीय असतात.

पुढचा टप्पा यूजीसीच्या २०२३ च्या तक्रार निवारण विनियमांतला. विद्यार्थी तक्रार निवारण समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल देणे अपेक्षित आहे. तो पटला नाही तर पुढच्या १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येते. टीसीचा वेगळा अर्ज करा, दोन्ही तक्रारी एकाच कागदावर घालू नका. अर्जाची दुसरी प्रत सोबत न्या आणि तिच्यावर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का मारून घ्या, कारण समितीचे दिवस त्या शिक्क्यापासून मोजले जातात.