दशमीला येऊ नका, द्वितीयेला या

प्रश्न : डिसेंबरात शुक्रवारी रात्री पोहोचून शनिवार-रविवार रत्नागिरीत काढायचे आहेत. पुण्याहून गाडीने येऊ. आम्ही दोघं, सात वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. यांना मासे हवेत, सासूबाई शाकाहारी, मुलाला फक्त वाळू. पाहायच्या ठिकाणांची यादी सोबत जोडते, चौदा झाली आहेत. क्रम लावून द्याल का? शनिवारी पंचांगात शुद्ध दशमी आहे, हे सासूबाईंनी मुद्दाम लिहायला सांगितलं.
— एक वाचक, पुणे

उत्तर : सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ त्यांची आहे.

आमच्याकडे भरतीची वेळ बोटांवर काढतात. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची. दशमी म्हणजे दहा, पाऊणपट साडेसात. सकाळी साडेसाताला पूर्ण भरती आणि संध्याकाळीही जवळपास तेव्हाच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा. म्हणजे शनिवारी ऊन उतरल्यावर तुम्ही मांडवीच्या किनाऱ्यावर पोहोचणार तेव्हा पाणी चढत असेल आणि वाळू उघडी असेल ती भर दुपारी दीडला. दुसऱ्या दिवशी एकादशी. सासूबाईंचा उपास, म्हणजे उकडीचे मोदक, घावन, आंबोळी सगळं बाद. कोकणात येऊन साबुदाणा खायचा का त्यांनी?

आठवडाभर पुढे ढकला. त्या शनिवारी वद्य द्वितीया येते. वद्य पक्षात आकडा पुन्हा एकपासून, तेव्हा दोनची पाऊणपट दीड. दुपारी दीडला भरती, संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला ओहोटी. चार-साडेचारनंतर दर लाटेमागे वाळू मोठी होत जाईल. तुमची संकष्टी होईस्तोवर तुम्ही घरी.

हे मी शहाणपणाने सांगत नाही. मी अठ्ठावीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, आणि एका वर्षी चाळीस मुलांची सहल अगदी भरतीच्या वेळी किनाऱ्यावर नेली. तीन तास आम्ही कठड्यावर ओळीने बसून दडपे पोहे खाल्ले. चंद्र आणि भरतीचा धडा त्याच आठवड्यात झाला होता.

आता यादी. पावस, पूर्णगड आणि जयगड खोडा. पावस दक्षिणेला, गणपतीपुळे उत्तरेला. दोन्ही करायला गेलात तर रविवार गाडीतच जाईल. सासूबाईंची स्वामी स्वरूपानंदांवर श्रद्धा असेल तर पावस ठेवा आणि पुळे सोडा, मला वाईट वाटणार नाही.

शनिवारी सकाळी यजमानांना एकट्यांना मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावर पाठवा. होड्या लागलेल्या असतात, लिलाव चालू असतो, चपला मात्र जुन्या घालायच्या. तेवढ्यात तुम्ही तिघं टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मघर बघून घ्या. १८५६ साली ते इथे जन्मले. घर लहान, सावली भरपूर, सासूबाईंना निवांत बसता येईल. मग सगळे मिळून थिबा राजवाडा. सोमवारी तो बंद असतो, तुम्हाला ती अडचण नाही. इथे घाई करू नका. इंग्रजांनी १८८५ मध्ये ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला पदच्युत केलं, पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं. वाडा बांधून मिळाला तो १९१० च्या सुमाराला, आणि १९१६ मध्ये राजा गेला. चोवीस वर्षं दुसऱ्यांच्या बंगल्यात काढून स्वतःच्या छपराखाली जेमतेम सहा! लेकाला वरच्या मजल्यावरून खाली बघू द्या आणि एवढंच सांगा. तारखा मागाहून.

जेवणाचं. शनिवार आमच्याकडे बऱ्याच घरांत मारुतीचा वार, त्यामुळे खानावळीत जागा मिळते; रविवारी दारात उभं राहावं लागेल. पण सकाळी दहाच्या आत फोन करा आणि 'सुरमई आहे का' असं विचारू नका, 'आज काय आलंय' असं विचारा. बांगडा ताजा आला असेल तर सुरमईला हात लावू नये, असं माझं मत. करली मिळाली तर नशीब, काट्यांची सवय नसेल तर मात्र मुलाच्या पानात वाढू नका. सासूबाईंसाठी शाकाहारी घरगुती जेवण वेगळ्या ठिकाणी सांगा. एकाच स्वयंपाकघरात दोन्ही होतं म्हटलं की त्या सोलकढीचासुद्धा वास घेत बसतील. मोदक आदल्या रात्री सांगून ठेवायचे, आयत्या वेळी मिळत नाहीत. आंब्याचं विचारूच नका, डिसेंबरात हापूसला मोहोर असतो. आंबापोळी घ्या.

जेवून झोपा. चारला रत्नदुर्ग किल्ला, तीन बाजूंनी समुद्र, भगवती देवीचं दर्शन, वरून मिरकरवाड्याच्या होड्या. साडेपाचला खाली मांडवी. वाळू काळी का, असं मुलगा विचारेलच. त्यात इल्मेनाइट नावाचं जड, काळं खनिज आहे. बादली-फावडं द्या त्याला.

रविवारी सामान घेऊनच निघा. आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळे, जाताना डाव्या हाताला समुद्र, म्हणून सासूबाईंना डावी खिडकी. रविवारची भरती सव्वादोनची, तेव्हा सकाळी नऊ-दहाला किनारा मोकळा मिळेल. पण पुळ्याचं पाणी ओढतं. मुलाला घोट्यापुढे जाऊ देऊ नका आणि यजमानांनाही, 'मला पोहता येतं' म्हणाले तरी. तिथून जवळच मालगुंड, केशवसुतांचं गाव. वेळ असला तर. परतताना रत्नागिरीत यायची गरज नाही. निवळीवरून हातखंब्याला या आणि आंबा घाट उजेडी चढा.

कोकमाचं आगळ नेणार असाल तर बाटली स्टीलच्या डब्यात उभी ठेवा. घाटात झाकण सुटलं तर गाडीच्या सीटचा तो रंग निघत नाही.