सर्टिफिकेट नंतर, आधी पॅकेटची वाट

क्लाउड सिक्युरिटी शिकायची असेल तर सर्टिफिकेटच्या मागे नंतर लाग. आधी एखादं पॅकेट (नेटवर्कवरून जाणारा डेटाचा तुकडा) बाहेरून डेटाबेसपर्यंत कसं पोचतं, ते कागदावर काढता आलं पाहिजे. एडब्ल्यूएसमध्ये, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडमध्ये, सिक्युरिटी ग्रुप (सर्व्हरभोवतीची फायरवॉल) कनेक्शन लक्षात ठेवतो, नेटवर्क एसीएल (नेटवर्कच्या एका भागाच्या दारावरची नियमांची यादी) ठेवत नाही. म्हणून एसीएलमध्ये परतीच्या वाटेचे १०२४ ते ६५५३५ पोर्ट उघडायचे राहिले की कनेक्शन नुसतं लटकतं आणि खापर फुटतं ॲप्लिकेशनवाल्यांच्या डोक्यावर. आयपी रेंज सुरुवातीलाच नीट वाटून घे. जोडायचे दोन्ही व्हीपीसी (क्लाउडमधली आपली खासगी नेटवर्कं) १०.०.०.०/१६ या एकाच रेंजचे निघाले तर पिअरिंग, म्हणजे त्यांची थेट जोडणी, होतच नाही. पोर्ट २२ (सर्व्हरवर दुरून लॉगिन करायचं दार) सगळ्या जगाला उघडा दिसला तर 'तात्पुरता आहे' हे उत्तर मुळीच चालवून घेऊ नकोस. आणि हो, आयएएम, म्हणजे कोणाला काय करायची परवानगी आहे ते ठरवणारी व्यवस्था! चोरीला गेलेली ॲक्सेस की (प्रोग्रामला क्लाउडमध्ये शिरायची किल्ली) फायरवॉलला दिसतही नाही. परवानगीच्या पॉलिसीत तारांकन (*, म्हणजे 'सगळं चालेल') दिसलं की कारण विचार.