उन्हाळ्यात सिंहगड चढताना पाणी किती, मीठ किती

एप्रिल-मेमध्ये आतकरवाडीच्या वाटेने चढणार असाल तर निघण्याआधी आणि उतरल्यावर, ओले कपडे काढून, वजन करा. घटलेला प्रत्येक किलो म्हणजे साधारण एक लिटर घाम. त्यात वाटेत प्यायलेलं पाणी मिळवा. दुसऱ्याचा आकडा तुम्हाला लागू पडत नाही.

वजन वाढलं असेल तर मात्र सावध. नुसतं पाणी ढोसत राहिलं की रक्तातलं सोडियम १३५ मिलिमोल प्रतिलिटरच्या खाली जातं, पाणी पेशींत शिरतं आणि मेंदूला सूज येऊ शकते. डोकेदुखी, उलटी आणि बोलण्यात गोंधळ दिसला तर आणखी पाणी पाजू नका, रुग्णालय गाठा.

तासाभराच्या चढाला तहानेपुरतं साधं पाणी पुरे. जास्त वेळ उन्हात असाल तर मीठ घातलेलं लिंबू सरबत घ्या, गडावरचं ताकही उत्तम. जुलाब झाले तर ओआरएसच. त्यातली साखर चवीसाठी नसते: आतड्यात ग्लुकोजच्या जोडीने सोडियम शोषलं जातं, मागोमाग पाणी. एक लिटरची पुडी अर्ध्या लिटरमध्ये कालवू नका. दाट द्रावण उलट आतड्यात पाणी ओढतं. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर मिठाचं आधी डॉक्टरांना विचारा.